एका खेळपेटीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण सहसा देवळांसाठी आणि फार तर जुन्या वाड्यांसाठी राखून ठेवतो. तो एका व्हिडिओ गेमच्या पेटीला लावल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु गेल्या वर्षभरात या पेटीने मला जे शिकविले ते पाहता दुसरा शब्द सुचत नाही.

आमचे गुंद हे जोयडा तालुक्यातील, उळवीच्या वाटेवरचे, रानाने वेढलेले गाव. पावसाळ्यात येथे लाकडाला बुरशी, लोखंडाला गंज आणि विजेला लहर येते. अशा ठिकाणी गेल्या गणेशचतुर्थीनंतर एके दिवशी टेम्पोतून ती पेटी माझ्या पडवीत उतरली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे दांडेलीत असल्या खेळांचे छोटे दुकान होते. दुकान मिटून वीस-पंचवीस वर्षे झाली, वडीलही गेले, आणि पेटी मागच्या छपरीत सरपण ठेवण्याच्या कामी आली होती. "सर, भंगारात द्यायला मन होत नाही. तुम्हांला काही करता आलं तर बघा," असे म्हणून तो ती ठेवून गेला.

प्रांजळपणे सांगायचे तर, १९९० च्या दशकात पालकसभेत अशा दुकानांविरुद्ध तावातावाने बोलणाऱ्या तरुण शिक्षकांत मीही होतो. रुपया-रुपया करून मुले तेथे दुपार घालवीत. आज तीच पेटी माझ्या दारी आली, तेव्हा नियतीलाही विनोदबुद्धी असते हे पटले. बरे, हातात पेचकस धरण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. आजवर मी दुरुस्त केली ती केवळ मुलांची वाक्ये.

सुट्टीला आलेला माझा पुतण्या अभियांत्रिकी शिकतो. त्याने निकाल दिला, "काका, आतलं सगळं काढून टाकू. सपाट पडदा आणि एक छोटा संगणक बसवू. हजारो खेळ मिळतील." मी म्हटले, मग उरेल काय? केवळ खोके! मला पेटी मूळ रूपात हवी होती. मात्र 'मूळ रूप' म्हणजे कोणते, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

या यंत्रांचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेत १९७२ साली 'पाँग' हा चेंडूफळीचा खेळ अशा पेटीतून आला. १९७८ मध्ये जपानच्या तैतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला, आणि १९८० मध्ये नामको कंपनीचा 'पॅकमॅन' आला : चक्रव्यूहातून धावत ठिपके गिळणारा पिवळा गोळा आणि त्याच्या पाठीस लागलेली चार भुते. खेळ जुना झाला की गिऱ्हाईक फिरकत नसे, पण लाकडी पेटी, पडदा आणि नाणेयंत्र तर शाबूत असे. म्हणून दुकानदार आतील बोर्ड बदलून त्याच पेटीत नवा खेळ बसवीत. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेने 'जामा' नावाची जोडणी ठरवून दिली. तिच्यात अठ्ठावीस-अठ्ठावीसच्या दोन ओळींत ५६ संपर्कबिंदू असतात. त्यामुळे एक बोर्ड उपसून दुसरा खोचणे काही मिनिटांचे काम झाले.

आमची पेटी अशीच रूपांतरित होती. आतला बोर्ड १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू' या मारामारीच्या खेळाचा, तोही बहुधा नकली. समोरच्या फळीवर दोन दांड्या आणि प्रत्येकीला सहा-सहा बटणे. पण मधोमध एक भोक लाकडी चकतीने बुजविलेले होते. तेथे पूर्वी एकच दांडी असावी. याचा उलगडा पिक्चर ट्यूबने केला. यंत्र बंद असताना तिरप्या उजेडात पडद्यावर पुसट रेघा दिसल्या. वर्षानुवर्षे तेच ते चित्र उजळल्याने काचेमागचा फॉस्फरचा थर तेवढ्या रेघांपुरता जळून गेला होता. तो पॅकमॅनचा चक्रव्यूह होता, आणि तो आडवा पडलेला होता! पॅकमॅनसाठी ट्यूब उभी बसवीत, मारामारीच्या खेळासाठी ती फिरवून आडवी केलेली. जुन्या खेळाची सावली जणू कुशीवर निजली होती.

तो चक्रव्यूह पाहून मी हुरळलो. पेटीच्या डाव्या अंगावर हाताने रंगविलेली चित्रे होती : मुठी वळलेला एक मल्ल, भोवती ज्वाळा, आणि खाली कन्नड व मराठी अशा दोन्ही लिपींत दुकानाचे नाव. रेषा ओबडधोबड, मल्लाचा एक हात दुसऱ्याहून लांब. एका कोपऱ्यात पापुद्रा सुटून आत पिवळा रंग दिसत होता. त्याखाली पॅकमॅनचे मूळ चित्र असणार, अशी मी खूणगाठ बांधली आणि काचकागद घेऊन दोन संध्याकाळी ती बाजू घासून काढली. खाली काय निघाले? नुसता सपाट पिवळा हात आणि त्याखाली कोरे प्लायवुड.

पुढच्या रविवारी विद्यार्थी पाहायला आला. त्या बाजूपुढे तो बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "ते बाबांनी स्वतः काढलं होतं, सर. रंगाऱ्याला द्यायला तेव्हा पैसे नव्हते."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यानेच मला सावरले. म्हणाला, "दुसरी बाजू आहे ना अजून."

त्या रात्री मला झोप लागली नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे मी किती वर्गांना शिकविले असेल! पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले. शेकडो हस्तलिखिते पडताळली गेली आणि वगळलेले पाठही टाकून न देता तळटीपांत वा परिशिष्टांत जपले गेले. हे सारे मला पाठ होते. पण हातात काचकागद येताच त्याचा विसर पडला. पाठ पडताळायला अनेक प्रती लागतात. एकच प्रत असताना तिच्यावरचे खरवडणे याला शुद्धीकरण म्हणत नाहीत.

यानंतरचे काम मी भीत-भीतच केले. प्रत्येक वायर सोडविण्यापूर्वी तिला चिठ्ठी बांधली, पुतण्याने छायाचित्रे घेतली. ओल पिऊन फुगलेला तळाचा चार बोटांचा भाग कापून तेथे नवे प्लायवुड सांधले आणि पेटी लाकडी ठोकळ्यांवर चढविली. ट्यूबच्या कामाला मात्र दांडेलीच्या एका वृद्ध टीव्ही मिस्त्रींना बोलाविले. यंत्र बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार टिकून राहू शकतो; तो आधी जमिनीच्या तारेत उतरवावा लागतो. नवशिक्याने तेथे हात घालू नये, हे आवर्जून सांगतो. चित्र लाटांसारखे हलत होते, त्याचे कारण सुकलेले कंडेन्सर. मिस्त्रींनी ते बदलले. बोर्ड सुरू होत नव्हता, कारण त्याला पाच व्होल्ट लागतात आणि मिळत होते साडेचारच्या आसपास. वीजपुरवठ्याच्या डबीवरील एक बारीकसा स्क्रू किंचित फिरविला, आणि पडदा उजळला. सौ. स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटले, पडवीत कुणाचे भांडण जुंपले आहे.

ट्यूब बदलावी का, असे मिस्त्रींनी विचारले. मी नको म्हटले. आता मल्ल लढतात, आणि पडदा काळा झाला की त्यांच्या मागे तो आडवा चक्रव्यूह अंधुक दिसतो. उजव्या अंगावरचे चित्र फक्त ओल्या फडक्याने पुसले. डावी बाजू कोरीच ठेवली आहे. विद्यार्थ्याने छायाचित्रावरून ती पुन्हा रंगविण्याची तयारी दाखविली होती. मी म्हटले, राहू दे. माझी चूक मला दिसत राहावी.

आमच्या तालुक्याला म्हातारी माणसे अजून 'सुपा' म्हणतात. ते सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात केव्हाच बुडाले, नाव मात्र जिभेवर राहिले. आमच्या मराठीचेही तेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून तिच्यात कन्नड मिसळले, कोंकणी मिसळली. मुलांच्या निबंधातील असे शब्द मी पंचवीसेक वर्षे लाल शाईने खोडत आलो. हल्ली खोडण्याआधी त्या शब्दाभोवती वर्तुळ काढतो आणि मुलाला विचारतो, "हा शब्द घरात कोण बोलतं रे?" बहुधा उत्तर येते, "आजी."

पेटीचे नाणेयंत्र जुन्या, मोठ्या रुपयासाठी बसविलेले आहे. आजचा लहान रुपया त्यातून खळकन खाली पडतो. पुतण्या ते बदलू म्हणतो. मी जुने सात रुपये शोधून एका डबीत ठेवले आहेत. रविवारी मुले येतात, डबीतून नाणी घेतात, खेळतात, आणि जाताना मोजून परत ठेवतात.