आजी-आजोबा, बाळ आणि क्रूझ: केबिन कशी निवडाल?

2021 पासून मुंबईहून ‘कॉर्डेलिया’चे क्रूझ जहाज गोव्याला जाऊ लागले. राजूरकरांना जालना गाठून रेल्वेने मुंबईला जाता येते. पण सोबत आजी-आजोबा आणि दीड-दोन वर्षांचे बाळ असेल, तर पैसे भरण्याआधी जहाजाचा नकाशा मागा.

चौघांची एकच केबिन स्वस्त पडते. मात्र तिसरा-चौथा बिछाना बहुधा वरच्या फळीवर असतो. तिथे ना आजोबा चढणार, ना बाळ झोपणार. त्यापेक्षा मधल्या दाराने जोडलेल्या दोन केबिन बऱ्या. नुसत्या शेजारच्या केबिनना असे दार असेलच असे नाही, म्हणून बुकिंगवेळी स्पष्ट विचारा. केबिनच्या मोजणीत तान्हे बाळही धरतात.

जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर डोलणे कमी जाणवते. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट जवळ हवी. नाचगाण्याच्या हॉलच्या वर-खाली मात्र खोली नको. बिनखिडकीची केबिन सर्वांत स्वस्त, आणि दुपारी झोपणाऱ्या बाळाला तिथला अंधार सोयीचाच. बाल्कनी घ्यायचीच तर आजीसाठी घ्या. बाळ जागे असेपर्यंत तिचे दार बंदच ठेवावे लागेल. पाळणे मोजकेच असतात, तेव्हा मागणी आधीच नोंदवा.