स्वतंत्र फीड रीडर ॲप कसे तयार होते आणि टिकते कशावर?

१ जुलै २०१३ रोजी गुगलने आपली 'गुगल रीडर' ही सेवा बंद केली. ऑक्टोबर २००५ पासून चालू असलेली ही सेवा मोफत होती. जगभरातले पत्रकार, अभ्यासक आणि ब्लॉग लिहिणारे लोक तिच्यावर विसंबून होते. आपल्या आवडीच्या संकेतस्थळांची यादी एकदा द्यायची. मग त्या सगळ्यांवर जे काही नवे प्रसिद्ध होईल ते एकाच ठिकाणी, वेळेच्या क्रमाने समोर येई. काय आधी दाखवायचे आणि काय लपवायचे हे ठरवणारे कोणी मध्ये नसे. सेवा बंद झाली तेव्हा ही पद्धतच संपली असे अनेकांनी जाहीर करून टाकले. प्रत्यक्षात बंद पडले ते एका कंपनीचे दुकान. पद्धत आजही चालू आहे आणि ती कोणाच्या मालकीची नाही.

हा विषय आपल्या वाचकांसाठी महत्त्वाचा का, ते आधी पाहू. छोट्या संकेतस्थळांचे बहुतेक वाचक आज फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवरून येतात. लेख टाकला, लिंक पाठवली, की वाचक येणार असे आपण गृहीत धरतो. पण जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र आणि नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचा निर्णय जाहीर केला आणि पेजवरून जाणाऱ्या मजकुराचे स्थान खाली गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडात तिथल्या कायद्यावरून वाद झाला, तेव्हा मेटा कंपनीने त्या देशात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणेच थांबवले. मोठ्या वृत्तसंस्थांची ही गत, तर चार-दोन कार्यकर्त्यांनी चालवलेल्या संकेतस्थळाला कोण विचारणार? "तुमचा लेख दिसलाच नाही" असे वाचक म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा ते खरेच असते.

फीड म्हणजे नेमके काय? संकेतस्थळावर ठेवलेली ती एक साधी मजकुराची फाईल असते. तिच्यात अलीकडच्या लेखांची शीर्षके, दुवे, तारखा आणि सारांश किंवा पूर्ण मजकूर ठरावीक खुणांमध्ये लिहिलेला असतो. या पद्धतीला आरएसएस म्हणतात. तिचे पहिले रूप मार्च १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाले आणि ते घडवणाऱ्यांमध्ये आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले रामनाथन गुहा होते. डिसेंबर २००० मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीच्या लेखकांत ॲरन स्वॉर्ट्झ हा अवघ्या १४ वर्षांचा मुलगा होता. आज आपण मोबाईलवर पॉडकास्ट ऐकतो तेही याच फाईलवर चालते. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो इतकेच.

फीड वाचणारे ॲप वरवर पाहता सोपे वाटते. ठरावीक वेळाने प्रत्येक पत्त्यावर जायचे, फाईल आणायची, नवे काय ते शोधायचे आणि दाखवायचे. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी दोन-तीन आठवड्यांत असे ॲप उभे करू शकतो. खरे काम त्यानंतर सुरू होते.

पहिला प्रश्न भाराचा. समजा ५,००० लोकांनी ॲप घेतले आणि ते दर १५ मिनिटांनी एका संकेतस्थळाचे फीड तपासते. म्हणजे एका दिवसात ४,८०,००० वेळा मागणी. फाईल २०० केबीची असेल तर दिवसाला सुमारे ९६ जीबी. स्वस्तातले होस्टिंग घेऊन चालणारे संकेतस्थळ यात झोपेल. यावर उपाय पूर्वीपासून आहे. ॲपने विचारताना "माझ्याकडे अमुक वेळेची प्रत आहे, त्यानंतर काही बदलले का?" असे विचारायचे. बदल नसेल तर सर्व्हर '३०४' एवढाच आकडा परत पाठवतो, फाईल पाठवत नाही. ही शिष्टाचाराची गोष्ट आहे, पण ती न पाळणारी ॲप्स कितीतरी आहेत. आपल्या वाचकांची सोय करताना आपल्याच छोट्या संकेतस्थळांचे बिल वाढवायचे, हा उफराटा प्रकार टाळला पाहिजे.

दुसरा प्रश्न ओळखीचा. कोणता लेख नवा आणि कोणता जुना हे ॲपला कसे कळणार? फीडमध्ये प्रत्येक लेखाला स्वतःचा एक कायमचा ओळख-मजकूर द्यायचा असतो. पण संकेतस्थळाने पत्ता बदलला किंवा नवी थीम बसवताना कोणीतरी हा मजकूरच बदलला, की वाचकाच्या ॲपमध्ये जुने सगळे लेख 'न वाचलेले' म्हणून पुन्हा उगवतात. वाचक शिव्या ॲपला देतो. तारखांचेही तसेच. कोणी भारतीय वेळ लिहितो पण ती ग्रीनिचची म्हणून नोंदवतो. मग लेख साडेपाच तास भविष्यातला ठरतो आणि यादीच्या डोक्यावर बसून राहतो. चांगले ॲप अशा लेखाची तारीख, तो पहिल्यांदा हाती आला त्या वेळेपुरती मर्यादित करते.

मराठीची एक खास अडचण आहे. युनिकोड रुळण्याआधी अनेक मराठी संकेतस्थळे आपापला वेगळा फॉन्ट वापरत. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसे. आज नवा मजकूर युनिकोडमध्ये असतो, पण जुन्या लेखांचे संग्रह सगळीकडे रूपांतरित झालेले नाहीत. शिवाय टंकलेखनाच्या वेगवेगळ्या पद्धतींमुळे दिसायला सारखा शब्द आतून वेगळा असू शकतो. 'ॲ' हे अक्षरच घ्या: कोणी ते 'अ'वर चंद्र देऊन लिहितो, कोणी 'ऍ' वापरतो. ॲपमध्ये शोध घेताना एक सापडतो, दुसरा सापडत नाही. परदेशात बनलेल्या ॲपकडून ही काळजी घेतली जाण्याची अपेक्षा करू नये. हे काम मराठी माणसानेच करायचे आहे.

आणि सुरक्षितता. फीडमध्ये आलेला मजकूर म्हणजे परक्याने पाठवलेला कोड असू शकतो. तो जसाच्या तसा दाखवला तर धोका; म्हणून त्यातल्या स्क्रिप्ट काढून, फक्त मजकूर, चित्रे आणि दुवे ठेवावे लागतात.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. अमेरिकेतल्या सिॲटल शहरातील प्रोग्रॅमर ब्रेंट सिमन्स यांनी २००२ मध्ये मॅक संगणकासाठी 'नेटन्यूजवायर' हे फीड रीडर आणले. २००५ मध्ये ते न्यूजगेटर कंपनीने विकत घेतले, २०११ मध्ये ते ब्लॅक पिक्सेल या कंपनीकडे गेले. दरम्यान सिमन्स यांनी 'एव्हरग्रीन' नावाने नवे रीडर पहिल्यापासून लिहायला घेतले होते. २०१८ मध्ये ब्लॅक पिक्सेलने जुने नाव त्यांना परत दिले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नेटन्यूजवायरची ५.० आवृत्ती आली. ती मोफत, मुक्तस्रोत, जाहिरातींशिवाय. मार्च २०२० मध्ये आयफोन आणि आयपॅडसाठीही ती आली. काम स्वयंसेवक करतात. ते देणगीसुद्धा घेत नाहीत. मदत करायची असेल तर स्वतः ब्लॉग लिहा, इतरांची चांगली ॲप्स पैसे देऊन घ्या, असे ते सांगतात.

याच ॲपचा पुढचा अनुभव शिकण्यासारखा आहे. फीडबरोबरच ट्विटर आणि रेडिटवरचा मजकूरही वाचता यावा म्हणून त्यांनी तशी सोय ॲपमध्ये घातली होती. त्यासाठी त्या कंपन्यांचे अधिकृत दार वापरावे लागे. २०२३ मध्ये आधी ट्विटरने आणि मग रेडिटने या दारावर मोठे शुल्क लावले. नेटन्यूजवायरला दोन्ही सोयी काढून टाकाव्या लागल्या. आधी मेहनतीने लिहिलेला कोड, मग तो काढण्यासाठी पुन्हा मेहनत. साध्या आरएसएसवरचा भाग मात्र जसाच्या तसा चालत राहिला, कारण त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ज्या कोणाला असे ॲप बनवायचे आहे त्याने भिंतीवर लिहून ठेवावे असा हा अनुभव आहे.

"ॲप चांगले चालले आहे, मग सारखे अपडेट कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. आपल्याकडे बहुसंख्य लोक अँड्रॉइड वापरतात, म्हणून तिथले पाहू. गुगल प्लेचा नियम असा की ॲप ठरावीक मुदतीत अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीला जुळवून घेतलेच पाहिजे. तसे केले नाही तर नवे बदल चढवता येत नाहीत, आणि ॲप फारच मागे राहिले तर नव्या फोनवरच्या नव्या लोकांना ते दुकानात दिसेनासे होते. म्हणजे एकही नवी सोय दिली नाही तरी दरवर्षी काम आहेच. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड पडद्यामागच्या कामांवर बंधने घालते; २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून फोन पडून असला की अशी कामे लांबणीवर टाकली जातात. त्यामुळे "बातमी उशिरा आली" ही तक्रार बऱ्याचदा ॲपच्या हातातली नसते.

खर्च तुलनेने कमी आहे. गुगल प्लेवर नोंदणी एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. वैयक्तिक नावाने नवे खाते उघडणाऱ्याला मात्र गुगलने नोव्हेंबर २०२३ पासून आणखी एक अट घातली: ॲप खुले करण्याआधी २० लोकांकडून सलग १४ दिवस चाचणी. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आणली. आपल्याकडे बारा माणसे सहज जमतील, यात शंका नाही. एफ-ड्रॉइड नावाचे मुक्तस्रोत ॲप्सचे वेगळे भांडारही आहे, तिथे नोंदणीचे पैसे लागत नाहीत.

आता मुद्द्याचे. समाजातल्या तरुण इंजिनीअर मुलामुलींकडून "आपल्या बातम्यांचे एक ॲप काढू" अशी सूचना वारंवार येते. उत्साह चांगला आहे. पण अशी ॲप्स बहुधा एकाच संस्थेचा मजकूर, एकाच सर्व्हरवरून, एकाच माणसाच्या पासवर्डवर चालतात. तो माणूस नोकरीनिमित्त पुण्याहून बंगळुरूला गेला की ॲप थांबते. माझे मत स्पष्ट आहे: नवे बंदिस्त ॲप काढण्याऐवजी 'फीडर'सारखे अँड्रॉइडवरचे मुक्तस्रोत रीडर घ्यावे, त्याच्या परवान्याच्या अटी पाळून त्यात मराठीची सोय सुधारावी आणि ती सुधारणा मूळ प्रकल्पाला परत द्यावी. सोबत संकेतस्थळांच्या फीडची एक यादी तयार करावी. अशा याद्या ओपीएमएल नावाच्या फाईलमध्ये ठेवता येतात आणि जवळपास प्रत्येक रीडर ती उघडतो. उद्या ॲप बंद पडले तरी यादी वाचकाकडे राहते, दुसऱ्या ॲपमध्ये जाते. गुगल रीडर बंद होताना ज्यांनी आपली यादी वेळेत उतरवून घेतली, त्यांचे फारसे बिघडले नाही ते यामुळेच.

यादी कोण ठरवतो हा प्रश्न कायद्याच्या बाजूनेही लहान नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमध्ये 'न्यूज ॲग्रिगेटर'ची व्याख्या करताना, कोणत्या बातम्या दाखवायच्या हे ठरवण्यात महत्त्वाची भूमिका असणे हा निकष आला आहे. वाचक स्वतः फीड निवडतो ते रीडर आणि संस्थेने निवडून, रचून दिलेले ॲप यांत त्यामुळे फरक पडू शकतो. दुसऱ्या प्रकारचे काही काढणार असाल तर आधी वकिलाशी बोला.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यासाठी विशेष महत्त्वाची वाटते. यादी कंपनीच्या सर्व्हरवर असेल तर कोण काय वाचतो हे त्या कंपनीला कळते. ती फोनमध्येच असेल तर सगळी यादी एका ठिकाणी कोणाकडेच जमत नाही. दोन-तीन उपकरणांवर वाचायचे असेल तर जुळणीसाठी सर्व्हर लागतो हे खरे. पण 'फ्रेशआरएसएस' किंवा 'मिनिफ्लक्स' हे मोफत प्रोग्रॅम स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतात. एखाद्या संस्थेने हा खर्च उचलला तर शेकडो वाचकांची सोय होईल.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी आजच करण्यासारखे दोन बदल. वर्डप्रेस वापरत असाल तर फीड आपोआप तयार होते: संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहा आणि उघडते का पाहा. काही सुरक्षा प्लगइन ते बंद करून ठेवतात. तसे असेल तर सुरू करा. मग वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वाचनाच्या पानावर जाऊन फीडमध्ये सारांशाऐवजी पूर्ण मजकूर निवडा. गावाकडे रेंज नसताना, एसटीत बसल्या बसल्या, आधीच उतरलेला लेख शेवटपर्यंत वाचता येतो तो यामुळे.