घरच्यांची साक्ष

स्मृतिभ्रंशाची पहिली खूण बहुधा दवाखान्यात दिसत नाही, घरात दिसते. आमटीत मीठ दोनदा पडते, वीजबिल भरले की नाही यावरून रोज वाद होतो, पायाखालच्या रस्त्यावर माणूस गोंधळून उभा राहतो. डॉक्टरांसमोर मात्र तोच माणूस दहा मिनिटे नीट बोलून वेळ निभावून नेतो. म्हणूनच घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारून आजाराचा संशय लवकर पकडण्याची पद्धत तयार झाली. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानास मदत करणारी पहिली रक्तचाचणी मंजूर केली आणि सगळी चर्चा तिच्याकडे वळली. जी साक्ष अनेक दशके उपयोगी पडली, ती त्या गडबडीत मागे सारली जात आहे.

या आजाराचा इतिहासच नवऱ्याच्या सांगण्यावरून सुरू होतो. १९०१ मध्ये ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली, तेव्हा तिचा बदललेला स्वभाव, संशयीपणा आणि विसर पतीनेच आधी पाहिला होता. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये तिची हकीकत मांडली. पुढची साठ वर्षे या दृष्टीने कोरडीच गेली. १९६८ मध्ये न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी नातेवाइकांच्या माहितीवरून गुण दिले आणि मृत्यूनंतर मेंदूत सापडलेल्या विकृतीशी ते पडताळून पाहिले. दोन्हींचा मेळ बसला. तरीही १९७५ ची ‘मिनी मेंटल’ चाचणी जगभर पसरली आणि पुन्हा सगळा भार एकट्या रुग्णावर आला. आजची तारीख सांगा, शंभरातून सात वजा करत जा, वाक्य वाचा, वाक्य लिहा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीवर या चाचणीने उघड अन्याय केला. शेत, गुरे आणि दहा माणसांचा संसार सांभाळणारी बाई तिच्या लेखी नापास, आणि घसरणीला लागलेला शिकलेला गृहस्थ पास. हा दोष किरकोळ मानून ती चाचणी वर्षानुवर्षे वापरली गेली, हे वैद्यकाला शोभणारे नव्हते.

खरे वळण आले ते १९८८ नंतरच्या दशकात. कॅनबेरातील अँथनी जॉर्म यांनी सव्वीस प्रश्नांची प्रश्नावली बनवली. तिची उत्तरे रुग्णाला चांगले ओळखणाऱ्या माणसाने द्यायची आणि प्रत्येक उत्तरात दहा वर्षांपूर्वीशी तुलना करायची. नुकत्याच घडलेल्या गोष्टी लक्षात राहतात का? नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडे ठेवलेली वस्तू सापडते का? घरातली नेहमीची यंत्रे चालवता येतात का? बाजारहाटाचे पैसे नीट हाताळले जातात का? पूर्वीपेक्षा बरेच सुधारले असेल तर १, बदल नसेल तर ३, बरेच बिघडले असेल तर ५. सरासरी साधारण ३.३ ते ३.६ च्या पुढे गेली की पुढील तपासणी करायची. या रचनेचे मोल मोठे आहे. माणसाची तुलना पदवीधराशी होत नाही, त्याची स्वतःच्याच गतकाळाशी होते. त्यामुळे शिक्षण कमी-जास्त असल्याने निकालात फारसा फरक पडत नाही.

त्याच दशकात हरियाणातील बल्लभगढ येथे भारत-अमेरिका सहकार्याने खेड्यांतील वृद्धांचा अभ्यास झाला. त्यातले बहुसंख्य निरक्षर होते. मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मिनी मेंटल’ चाचणी हिंदीत आणताना वाचण्या-लिहिण्याचे प्रश्न बदलले. कुटुंबीयांसाठी रोजच्या व्यवहाराची वेगळी प्रश्नावलीही रचली. जेवून उठल्यावर पुन्हा जेवण मागतात का, गावात वाट चुकतात का, दिलेला निरोप पोचवतात का, सणवार लक्षात असतात का, असे त्यातले प्रश्न. भारतीय घर आतून पाहिल्याशिवाय असे प्रश्न सुचत नाहीत. १९९८ मध्ये कोची येथे ‘१०/६६’ संशोधन गट स्थापन झाला. जगातील ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचे संशोधन १० टक्क्यांहूनही कमी, हा हिशेब त्या नावातच आहे. रुग्णाची चाचणी आणि घरच्यांची मुलाखत एकत्र घेतली तर कमी शिकलेल्या माणसावर चुकीचा शिक्का बसणे टळते, हे या गटाने २००३ मध्ये पंचवीस केंद्रांच्या माहितीवरून दाखवले.

गोव्यातील २००१ चा अभ्यास मात्र अस्वस्थ करतो. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोक ओळखत होते, पण त्यांना आजार मानत नव्हते. मुलांनी माया केली नाही, आबाळ केली म्हणून असे झाले, असा समज होता. म्हणजे जी सून सगळ्यात आधी बदल टिपते, तिच्यावरच ठपका. अशा घरातून साक्ष मिळवायची तर आधी तो ठपका दूर करावा लागतो. गोव्यातच स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन कुटुंबांना आधार दिला, तेव्हा काळजीवाहकांचा मानसिक ताण कमी झाल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

पुढचा काळ आटोपशीरपणाचा. २००५ मध्ये सेंट लुईसच्या जेम्स गॅल्विन आणि सहकाऱ्यांनी आठच प्रश्नांची ‘एडी८’ आणली. दोन किंवा अधिक उत्तरे ‘हो, बदल झाला आहे’ अशी आली की संशय घ्यायचा. काम तीन-चार मिनिटांचे. तरीही गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तेवढा वेळ निघत नाही. ‘तुम्ही बाहेर थांबा’ असे लेकीला सांगितले जाते आणि महागड्या स्कॅनची चिठ्ठी लिहिली जाते.

घरही पूर्वीचे उरले नाही. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळुरूत, आणि कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आईसोबत ब्यूरोची बाई. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या त्या बाईला दहा वर्षांपूर्वीचे काय ठाऊक असणार? रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आई छान बोलते, म्हणून मुले निश्चिंत राहतात. अशा घरात एकाच साक्षीदारावर भागत नाही. आजचे ब्यूरोच्या बाईला, जुने मुलांना आणि मधले शेजाऱ्यांना विचारावे लागते.

या साक्षीलाही मर्यादा आहेत. सांगणारा स्वतः खचलेला असेल किंवा संबंध बिघडलेले असतील, तर उत्तरे झुकतात. मालमत्तेचा वाद असलेल्या घरात तर दुप्पट सावध राहावे लागते. शिवाय हे निदान नव्हे. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य आणि बहिरेपणा यांमुळेही असेच चित्र दिसू शकते, आणि त्यांवर उपचार आहेत. रक्तचाचणीचीही स्वतःची मर्यादा आहे. मेंदूत अल्झायमरची विकृती असण्याची शक्यता ती दाखवते, पण माणूस व्यवहारात कुठे अडतो आहे हे तिला कळत नाही.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. त्या पाहणीतही घरच्या माणसाची मुलाखत घेतलेली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांत बदल जाणवला तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नये. तो तारखेसह वहीत लिहावा, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी ती वही त्यांच्यापुढे ठेवावी.