पुनर्वसनकार्य, चर्चसंस्थांचे

भूकंप, चक्रीवादळ, महापूर इ. आपत्तींत निवारा गमावलेल्या लोकांना ख्रिस्ती चर्चसंस्था व त्यांचे स्वयंसेवक यांनी घरबांधणीसाठी केलेले साहाय्य. अमेरिकेतील मेनोनाइट पंथीयांनी १९५० मध्ये स्थापन केलेल्या आपत्तिसेवा संघटनेचे स्वयंसेवक स्वतः सुतारकाम करून घरे उभारतात. तेथील लाकडी बांधणीत ते शक्य होते. भारतात दगडविटांचे काम गवंड्याचे असल्याने पाहणी, साहित्यपुरवठा व देखरेख यांकडेच स्वयंसेवकांचा अधिक ओढा राहिला. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ मध्ये सुरू झालेली ‘कासा’ ही प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची संस्था आणि कॅथलिकांची ‘कॅरिटास इंडिया’ (स्था. १९६२) या यांतील प्रमुख होत.

महाराष्ट्रात या कार्याची खरी कसोटी किल्लारीच्या भूकंपानंतर लागली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वा. ५६ मि. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सु. ८,००० माणसे दगावली. मराठवाड्यातील माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड राहतात. परंतु मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतींना आरपार सांधणारे दगड नव्हते आणि छतावर पांढऱ्या मातीचे जड थर होते. भिंती फुटून झोपलेली माणसे गाडली गेली. संपूर्ण उद्‌ध्वस्त ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. शासनाने जमीन व नागरी सोयी पुरविल्या आणि अनेक गावांची घरे देणगीदार संस्थांनी बांधली. वरील दोन्ही संस्थाही मदत व पुनर्वसनकार्यात सहभागी होत्या. भूमिहीनांस २५०, अल्पभूधारकांस ४०० व मोठ्या शेतकऱ्यांस ७५० चौ. फुटांचे घर असे प्रमाण होते.

ही घरे भक्कम होती, पण वाड्यातील चौक, गुरांचा गोठा, कडबा व अवजारे ठेवण्याची जागा यांचा विचार सरळ रेषांच्या आखणीत अनेकदा सुटला. रहिवाशांनी पुढे पत्र्याच्या पडव्या जोडल्या, कुंपणभिंती घातल्या. दगडाची धास्ती मात्र इतकी होती, की सिमेंटच्या घराचाच आग्रह बहुतेकांनी धरला. कमी हानी झालेल्या सु. दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती मालकांनीच शासकीय अनुदानातून करून घेतली. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर नव्या घरांसाठीही हाच मार्ग बहुतांशी अवलंबिण्यात आला : अनुदान हप्त्यांनी मिळे, बांधकाम मालक करी आणि अभियंते ते तपासत.