नदी जुनी, नाव नवं

केंब्रिज म्हणजे कॅम नदीवरचा पूल. यात शंका घ्यायला जागा दिसत नाही, आणि नेमकी तिथेच फसगत होते. कारण या शहराला 'कॅम'वरून नाव मिळालेलंच नाही. उलट नदीलाच तिचं आजचं नाव शहरावरून मिळालं! हा उलटा कारभार कसा झाला ते कळायचं तर प्रवाहाविरुद्ध मैल-दोन मैल वर, ग्रांटचेस्टर नावाच्या लहानशा खेड्यात जावं लागतं.

नदीचं मूळ नाव ग्रांटा. 875 साली डेन लोकांच्या सैन्याने इथे तळ ठोकला, तेव्हाच्या बखरीत शहराचं नाव 'ग्रांतेब्रिज' असं आहे. पुढे इंग्लंड नॉर्मन लोकांच्या ताब्यात गेलं. त्यांच्या फ्रेंच वळणाच्या जिभेवर हा शब्द घासत गेला: ग्रांतेब्रिजचं कांतेब्रिज झालं, त्याचं पुढे केंब्रिज. चौदाव्या शतकात कवी चॉसरही 'कांतेब्रिज'च लिहितो. आता केंब्रिजमध्ये पूल आहे, तर 'कॅम' ही नदी असणारच, असं लोक धरून चालले आणि ग्रांटाची कॅम झाली.

खेड्याची गंमत याहून न्यारी. नावात 'चेस्टर' आलं की तिथे रोमन तटबंदी होती असं समजायचं, मँचेस्टर-विंचेस्टरसारखं. पण 1086 साली विल्यम राजाने सगळ्या मुलखाची मोजदाद करवली, त्या डूम्सडे दप्तरात या गावाची नोंद 'ग्रांतेसेता' अशी आहे. चेस्टरचा पत्ताच नाही! 'सेता' म्हणजे वस्ती करून राहिलेले लोक. डॉर्सेट आणि सॉमरसेट यांच्या शेवटी तेच आहेत. म्हणजे ग्रांटाकाठचे रहिवासी, हेच गावाचं नाव. पुणेकर हे माणसांचं नाव न राहता गावाचंच व्हावं, तसं काहीसं. पुढे कधीतरी चेस्टरवाल्या गावांच्या देखादेखी शेवट बदलला आणि साध्या वस्तीला रोमन थाट चढला.

या थाटाने विद्वानांनाही चकवलं. 731 साली पूर्ण झालेल्या इतिहासात बीड हा भिक्षू सांगतो, की ईलीच्या मठातले लोक संत एथेलथ्रिथ हिच्या शवपेटीसाठी दगड शोधत नावेतून निघाले आणि 'ग्रांताकेस्टिर' नावाच्या एका ओसाड नगरीच्या तटाशी त्यांना पांढऱ्या संगमरवराची सुंदर पेटी सापडली. नाव इतकं जुळतं, की ही नगरी म्हणजे ग्रांटचेस्टरच असं पुष्कळांना वाटलं. आज मात्र अभ्यासक ती जागा केंब्रिजच्या किल्ल्याच्या टेकडीवरच्या रोमन अवशेषांत पाहतात.

थोडक्यात, शहराने शेवट जपला आणि सुरुवात गमावली; खेड्याने सुरुवात जपली आणि शेवट गमावला. मला यात खेडंच सरस वाटतं, कारण नदीचं खरं नाव त्याने सांभाळलं. तसं ते नाव पुरतं बुडालेलंही नाही. ग्रांटचेस्टरच्या बाजूच्या वरच्या प्रवाहाला आजही ग्रांटा म्हणतात, आणि 1889 साली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं 'ग्रांटा' हे नियतकालिक, आता विद्यापीठाबाहेर पडून, अजून निघतं.