जुन्या एसीतला गॅस हवेत सोडू नका, त्याचं काम धरा



एसी-फ्रिज रिपेअरिंगमध्ये उतरायचं म्हणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो: भंगारात जाणाऱ्या एसीतला गॅस कुठे जातो? बहुतेक ठिकाणी पाइप कापला, फुस्स झालं, विषय संपला. तिथेच तुम्ही वेगळे दिसू शकता.

आधी आकडा बघा. एक किलो आर-२२ हवेत सोडला, तर १८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वाढते. वर ओझोनचं नुकसान वेगळं. आर-३२ साठी हाच आकडा ६७५ आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आपल्याकडे २०३० पर्यंत आर-२२ सारखे गॅस जवळपास बंद होणार. पण जुनी मशीन्स चालूच राहतील. म्हणून काढलेल्या चांगल्या गॅसला किंमत आहे.

काय लागतं?
रिकव्हरी मशीन, मॅनिफोल्ड गेज, रिकव्हरी सिलिंडर, वजनकाटा, गॉगल, हातमोजे.

काम कसं करायचं?

१. नेमप्लेटवर गॅसचं नाव बघा. प्रत्येक गॅसला वेगळा सिलिंडर. दोन गॅस मिसळले की तो माल कुणी घेत नाही.

२. सिलिंडर काट्यावर ठेवूनच भरा, ८० टक्क्यांच्या वर नाही. उन्हात लिक्विड फुगतं. जागा नसेल तर सिलिंडर फुटतो. एकदा वापरून फेकायचा डबा परत भरू नका.

३. आर-३२ चं प्रेशर आर-२२ पेक्षा खूप जास्त असतं, त्यामुळे सिलिंडर त्याच्याच रेटिंगचा हवा. शिवाय तो पेट घेऊ शकतो. नव्या फ्रिजमधला आर-६००ए तर सहज पेटतो. साधं मशीन इथे चालत नाही, पेटणाऱ्या गॅससाठीचंच घ्या.

४. खिडक्या उघड्या ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि बंद खोलीत जीव गुदमरतो. गॅस आत असताना पाइपला टॉर्च लावू नका, विषारी धूर होतो.

स्प्लिट एसीचा कॉम्प्रेसर चालू असेल, तर पंप डाऊन करून गॅस आउटडोअरमध्ये घेता येतो. पण कॉम्प्रेसर चालू असताना नट सैल केला आणि हवा आत गेली, तर तो फुटू शकतो. हेल्परला हे पहिल्याच दिवशी शिकवा.

पैसे कुठे?
बिलात 'गॅस रिकव्हरी' वेगळी ओळ टाका आणि वजन लिहून द्या. ऑफिस, हॉटेल, हॉस्पिटल एका वेळी पाच-दहा एसी बदलतात. ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे जुनं मशीन नोंदणीकृत रिसायकलरकडे गेलं पाहिजे. गॅस तुम्ही काढा, मशीन त्याच्याकडे पाठवा, पावती ग्राहकाच्या फाइलला लावा. नीट कागद देणाऱ्यालाच पुढचं काम मिळतं.

मशीन लगेच विकत घेऊ नका. आधी ट्रेनिंग घ्या आणि अनुभवी टेक्निशियनच्या हाताखाली काम करा. या आठवड्यात एवढंच करा: आपल्या भागातल्या पाच मेकॅनिकना विचारा, "जुन्या एसीतला गॅस काय करता?" पाचही जणांनी "सोडून देतो" म्हटलं, तर तुमच्या गावात ही जागा रिकामी आहे.