पांढरी मादी, १४ मार्च

"१४ मार्च. पांढरी मादी नराला दाखवली."

मी ज्या ससेपालकांकडे माहिती गोळा करायला जाते, त्यातल्या एका दादांच्या वहीतली ही नोंद. तारीख अगदी बरोबर होती. अडचण एवढीच, की शेडमध्ये पांढऱ्या माद्या अकरा. सगळ्या न्यूझीलंड व्हाईट, सगळ्यांचे डोळे लाल. "ताई, मला ओळखू येतात की!" दादा म्हणाले. १४ एप्रिलच्या पहाटे त्यातली एक व्याली, उघड्या जाळीवर. विण्याची पेटी शेजारच्या पिंजऱ्यात ठेवली होती. ससाची पिल्लं जन्मतात तेव्हा अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. सकाळी दादा आले तेव्हा सातही पिल्लं गार पडली होती.

दादांची तारीख इतकी अचूक का ठरली, ते आधी सांगते. शेळीला साधारण २१ दिवसांनी माज येतो, त्या चक्रानुसार बीजांड सुटतं. सशाच्या मादीत असं ठरलेलं चक्र नाही. नराशी मिलन झालं की त्या उत्तेजनाने मेंदूकडून संप्रेरकाचा इशारा जातो आणि साधारण १० ते १२ तासांनी बीजांडं सुटतात. म्हणजे तुम्ही वहीत जी मिलनाची तारीख लिहिता, तीच जवळजवळ गर्भधारणेची तारीख. मिलनापासून सरासरी ३१ दिवसांनी विणं, एखादा दिवस इकडेतिकडे. इतका नेमका अंदाज फार कमी पाळीव जनावरांत मिळतो. म्हणून माझं म्हणणं असं की ससेपालनात वही हेसुद्धा एक औजारच आहे, पाण्याच्या निप्पलइतकंच.

त्या एका तारखेवरून पुढचं सगळं मोजता येतं. १४व्या दिवशी पोट हलक्या हाताने चाचपायचं. गर्भ द्राक्षांच्या मण्यांसारखे बोटांना लागतात. २८व्या दिवशी पेटी ठेवायची. मादी १७व्या दिवसाच्या आसपासच केस उपटून घरटं करायला लागली, तर ती बहुतेक खोटी गाभण. बीजांडं सुटली, पण फळली नाहीत. तारीख लिहिलेली नसेल तर आपण पेटी ठेवून पिल्लांची वाट बघत बसतो आणि दोन आठवडे फुकट जातात.

आता वेळापत्रक. युरोपातल्या मोठ्या फार्मवर ४२ दिवसांचं चक्र प्रचलित आहे: व्याल्यानंतर ११व्या दिवशी मादी पुन्हा नराला दाखवायची. ३१ अधिक ११ म्हणजे ४२, आणि ४२ला सातने भाग जातो! त्यामुळे प्रत्येक कामाचा वार ठरून जातो. शुक्रवारी मिलन, १४व्या दिवशी शुक्रवारी तपासणी, २८व्या दिवशी शुक्रवारी पेटी, ३१व्या दिवशी सोमवारी विणं, पुन्हा ११ दिवसांनी शुक्रवार. ही जुळणी पहिल्यांदा कळली तेव्हा मला उगाचच फार आनंद झाला होता.

पण हे चक्र आपल्याकडे जसंच्या तसं उचलू नका. मादी एका वेताला पाजत असते आणि त्याच वेळी पोटात दुसरं वाढत असतं. ताकदीचं पेलेट खाद्य भरपूर असेल तर ठीक, घास आणि मूठभर भरड्यावर ती खंगते. त्याऐवजी व्याल्यावर २५व्या दिवशी दाखवा. ३१ अधिक २५, ५६. सातने भाग जातोच, वार तेच राहतात, मादीलाही उसंत मिळते. पिल्लं ३५व्या दिवशी, म्हणजे सोमवारीच, आईपासून वेगळी करा.

एकाच दिवशी तीन-चार माद्या दाखवल्या तर आणखी एक सोय होते. एकीला अकरा पिल्लं आणि दुसरीला चार झाली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लं वाटून देता येतात. मात्र कुठलं पिल्लू कुणाचं, हे लिहून, त्या पिल्लावर खूण करून ठेवायलाच हवं. नाहीतर पुढे भाऊ-बहीण एकमेकांना दाखवले जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. सख्खी भावंडं किंवा बाप-लेक यांच्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के येतो. तो काढायची रीत स्यूअल राइट यांनी १९२२ साली मांडली. हा आकडा वाढत गेला की वेतं लहान होतात, पिल्लं अशक्त निघतात. शेडमध्ये एकच नर असेल आणि त्याच्याच मुली पुढे ठेवल्या, तर दुसऱ्याच पिढीत आपण तिथे पोचतो.

सगळ्यात जास्त काय निसटतं? फसलेली मिलनं. लोक पिल्लं झाली की लिहितात, नाही झाली की पान कोरं. संशोधक म्हणून मला त्या कोऱ्या पानांचीच हळहळ वाटते. नराचे शुक्राणू तयार व्हायला दीड-एक महिना लागतो, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हाचा फटका जूनमध्येही दिसतो. तेव्हा मिलन होतं, मादी गाभण राहत नाही आणि दोष तिच्या माथी येतो. याच दादांनी गेल्या जुलैत तीन माद्या वांझ म्हणून विकल्या. कुठल्या नराला दाखवल्या होत्या ते वहीत नव्हतं. तिघींना एकच नर होता का, हे आता कळायला मार्ग नाही.

तर लिहायचं काय? मादीचा नंबर, नराचा नंबर, तारीख, तपासणीत काय लागलं, जिवंत किती, मेलेली किती, दूध तोडताना किती उरली. शून्य असेल तर शून्य. नंबर कानात टॅटूने गोंदलेला हवा. मार्करचा पुसट होतो, आणि पिंजऱ्याचं कार्ड ससा हलवला तरी जागच्या जागी लटकत राहतं. आणि लिहायला पेन्सिल घ्या. धुताना पाणी उडालं की शाई पसरते, पेन्सिल टिकते.